दोन भावांवर वडीलधारा नेमण्याबाबत

अल्लाहला साक्षी ठेवून मी, जुंब्री बिन असिकीन, वय एकाहत्तर, धंदा होड्यांची इंजिने दुरुस्त करणे (आता बंद), राहणार कुइन नदीकाठ, बंजारमासिन, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब ठिकाणावर नाही, पण तेवढ्याने मृत्युपत्र रद्द होत नाही असे इमाम म्हणाले. मी त्यांना पुन्हा विचारून खात्री केली. शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून शब्द चुकला तर अर्थ पाहावा.

कलम १. घर, होडी आणि बँकेतली शिल्लक मुलगी मस्लिआनी व धाकटा भाऊ सर्बिनी यांच्यात शरियतप्रमाणे वाटावी. मागच्या ओट्याची एक फळी सैल आहे. वाटणीचे बोलणे त्या फळीवर उभे राहून करू नये. आरामखुर्ची सर्बिनीच्या हिश्श्यात धरावी. तो चहाच्या दुकानात बसून म्हणतो, "आमचे दादा जगाची भांडणं मिटवतात, आणि घरचं इंजिन उघडं पडलंय!" आता त्याने खुर्चीत बसून स्वतः ते जोडावे.

कलम २. पाने, हातोड्या व इंजिन उचलायची साखळीची कप्पी ही हत्यारे माझा धंद्यातला जोडीदार आइनी याला द्यावा. तो ती तेल न लावता ठेवतो. तरीही त्यालाच द्यावीत, दुसरा कोण आहे?

कलम ३. आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्या बंजार भाषेचा ज्ञानकोश इंटरनेटवर आहे. पगार कुणालाच नाही, हौसेने लिहिणारी मूठभर माणसे. मला होडीच्या सगळ्या भागांची नावे येतात, म्हणून मस्लिआनीने त्यात ओढले. म्हणाली, "अबाह, नदीकडे बघत सुस्कारे टाकण्यापेक्षा हे करा."

तिथे फहरुराझी हे शाळामास्तर, नदीच्या वरच्या अंगाचे. बर्काती हा शिंपी, खालच्या अंगाचा. खोल पोटाची होडी पहिल्यांदा कुठे बांधली, यावरून दोघांचे पेटले. मास्तर लिहीत वरच्या गावात. बर्काती ते खोडून लिही खालच्या गावात. मास्तर पुन्हा खोडत. दोघांकडे आधार एकच, आपापले आजोबा. बाकीचे मला म्हणाले, "जुलक, तुम्ही मोठे. तुमचंच ऐकतील." जुलक म्हणजे थोरले काका. मला सगळे तेच म्हणतात.

मग दोन माणसांनी सुरे काढले तर वस्तीत जे करतात ते मी केले. दोघांना घरी बोलावले. चहा आणि नारळ घातलेला चिकट भात दिला, डोक्यावर सुगंधी पाणी शिंपडले, आणि इमामांसमोर दोघांना मानलेले भाऊ केले. शपथ अशी, की वडीलधाऱ्याला विचारल्याशिवाय भावाने भावाचा शब्द खोडायचा नाही. वडीलधारा मी. आमच्या रिवाजात वडीलधारा मरेपर्यंत वडीलधारा असतो. त्याने आपणहून अंग काढले तर भाऊपण तुटते आणि त्याचा दोष दोन्ही घरांना लागतो.

वस्तीत हे चालते. शपथेनंतर एकाने दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, झाले. पण ज्ञानकोशात सगळ्यांना मिळून अंगण एकच, हे मला कुठे सुचले?

तेव्हापासून सगळे माझ्याकडे येते. "जुलक, मास्तरांनी होडीच्या तळाचं लाकूडच चुकवलंय. खोडू का?" "जुलक, बर्काती चित्र बदलायचं म्हणतो. भाऊ म्हणून गप्प आहे, पण रक्त उकळतंय हो." हो म्हणावे तर दुसरा माझ्या घरचे पाणी पीत नाही. थांबा म्हणावे तर चूक तशीच राहते. आज त्या लेखात एका परिच्छेदात होडी वर जन्मते आणि पुढच्यात खाली. फोन घेऊन मी संडासातही जातो. एका जुम्म्याला तो बंद ठेवला, तर बर्काती होडी वल्हवत दारात हजर. "जिवंत आहात ना, जुलक? बरं झालं. ते दुसरं वाक्य..."

मस्लिआनीला म्हटले, माझ्यामागे हे तू घे. ती म्हणाली, "अबाह, घर द्या, होडी द्या, हा फास नको." इमामांनाही विचारले. त्यांनी पोटदुखीचे निमित्त सांगितले.

कलम ४. म्हणून माझ्यामागे वडीलधारा एक नसावा. बर्कातीच्या वाक्यांची राखण मास्तरांनी करावी. त्यांना आधार शोधावा, कुणी खोडली तर परत घालावीत. मास्तरांच्या वाक्यांची राखण बर्कातीने करावी. लेखात दोन्ही गावांचे म्हणणे सांगणाऱ्याच्या नावासह शेजारी शेजारी लिहावे.

हे दोघांना बोलावून वाचून दाखवले. मास्तरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे याच्या आजोबांची बाजू मी मांडायची?"

"मांडायची."

बर्काती हसला. "मास्तर, नीट मांडा हं. माझे आजोबा तोतरे नव्हते."

"आणि तू माझ्या आजोबांना कापडासारखं कातरू नकोस."

दोघांनी एका ताटातून भात खाल्ला. मला वाटले, सुटलो. म्हटले, मग उद्यापासूनच करा सुरू. मास्तर म्हणाले, "तुम्ही असताना कसं, जुलक? पाप लागेल." इमामही म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

आता दोघे फळे घेऊन येतात आणि रक्तदाब विचारतात. मी आकडा सांगतो. कोणता आकडा ऐकून त्यांना बरे वाटेल ते मला कळत नाही. त्यांनाही कळत नसावे.

कलम ५. माझा फोन मस्लिआनीने बंद करावा. त्याआधी त्या लेखाच्या चर्चापानावर एकच ओळ लिहावी, "जुलक गेले." ती कुणी सुधारू नये.

येथवर माझे म्हणणे. कुणाच्या धाकाने लिहिलेले नाही. कंटाळून लिहिले आहे.

सही: जुंब्री बिन असिकीन

साक्षीदार: हाजी बसिरून, इमाम. मसिता, शेजारीण.

ठिकाण: कुइन, बंजारमासिन. १२ मे २०२४, रविवार.

कलम ४ मान्य. पुढे काही अडले तर जुलकना विचारीन. (फहरुराझी)

मलाही मान्य. जुलकना विचारल्याशिवाय यातला एक शब्दही बदलणार नाही. (बर्काती)