तुझं घड्याळ साभार परत

तीर्थरूप ताईस धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरं तर हल्ली मी वाकलो की आमची ही ओरडते, तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच केला आहे असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की पाहुण्यांना लवकर उठवण्यासाठी थोडा राखून ठेवला आहे? इकडे सगळे ठीक आहेत. मी ठीक आहे की नाही, हे ठरवायला मात्र सध्या दोन घड्याळं नेमली आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. हे पत्र त्यासाठीच.

तुला माहीतच आहे, मागे एका कपाटाचं दार चढवताना मला जरा गरगरलं. जरासंच. पण तुझ्या भावजयीने हुकूम काढला: तब्येत सांगणारं ते घड्याळ मनगटावर बांधायचं, रोज संध्याकाळी तिला दाखवायचं, आणि ज्या दिवशी त्यात काही वेडंवाकडं दिसेल त्या दिवशी दुकानाला कुलूप, हत्यारं दुसऱ्या सुताराला आणि मी घरात खिडकीपाशी. ताई, मला खिडकीपाशी बसता येत नाही. खिडकी दिसली की तिची चौकट नीट बसली आहे का हे बघायला मी उठतोच. म्हणून घाईघाईने बाजारात गेलो आणि त्यातल्या त्यात स्वस्त घड्याळ घेऊन आलो.

काय गुणी घड्याळ आहे म्हणून सांगू. मी एका जागी उभा राहून रंधा मारतो, ते त्याला चालणं वाटतं. एक दार गुळगुळीत झालं की मी शेजारच्या गावाला जाऊन आलेलो असतो. संध्याकाळी काचेवर रंगीत चांदण्या उडतात, माझं अभिनंदन होतं, ही खूश होते आणि मला जास्तीची पोळी मिळते. एकदा पॉलिश पेपर घासताना धूळ नको म्हणून ते काढून टेबलाच्या पायाला गुंडाळलं, तर त्याने टेबलाची नाडीही उत्तम दाखवली. (टेबल जुन्या लाकडाचं, चांगल्या घराण्यातलं होतं. मला फारसं नवल वाटलं नाही.)

तेवढ्यात तू प्रेमाने पाठवलेलं ते नवंकोरं महागडं घड्याळ आलं, आणि आता घरात दोन बायका आहेत असं मला वाटू लागलं. हिने ते दुसऱ्या मनगटावर बांधलं, 'दोघं मिळून लक्ष ठेवतील' म्हणाली. तुझं घड्याळ रंध्याला चालणं मानत नाही. मी सकाळपासून उभा असतो आणि ते म्हणतं, जरा उभे राहा. मग म्हणतं, दीर्घ श्वास घ्या. भुशाच्या ढिगाऱ्यात कोण शहाणा दीर्घ श्वास घेतो? बरं, पोटात काही ठेवत नाही. दुपारी मी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलो होतो, असं हिला सांगितलं. याने संध्याकाळी दाखवलं की तेवढ्याच वेळात मला गाढ झोप लागली होती. (फळ्यांवर जरा पाठ टेकली होती. गाढ वगैरे काही नाही.)

कहर झाला तो मंगळवारी. एका मोठ्या पेटीला तळ ठोकत होतो. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने फळी दाबलेली आणि खिळे, आपल्या अण्णांनी शिकवल्याप्रमाणे, तोंडात. घाव जोरात बसले तसा तुझ्या घड्याळाचा समज झाला की मी कोसळलो. त्याने विचारलं, तुम्ही बरे आहात ना? मला उत्तर द्यायला हात मोकळा नव्हता. त्याने थोडी वाट पाहिली आणि सरळ हिला फोन लावला. मनगटातून हिचा आवाज आला, "अहो, काय झालं? बोला ना काहीतरी!" मी बोललो की. पण खिळ्यांमधून जे बाहेर पडलं, त्यावरून नवऱ्याची वाचा गेली याबद्दल हिला शंका उरली नाही. बघता बघता ही दुकानात, मागे शेजारचे कंपाउंडर एकाच पायात चप्पल घालून. त्यांनी मला पेटीवर आडवं केलं आणि जीभ दाखवा म्हणाले. मी दाखवली, तर तिच्यावरून दोन खिळे घरंगळले. कंपाउंडर खिळ्यांकडे बघत राहिले. ही मात्र खाली भुशातच बसली आणि रडायला लागली. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. पदर झटकत उठली तेव्हा एवढंच म्हणाली, "यापुढे खिळे तोंडात धरायचे नाहीत." दुकान तेवढ्यावर वाचलं.

तेव्हा ताई, पूर्ण विचारांती तुझं घड्याळ साभार परत करत आहे. राग मानू नकोस. वस्तू उंची आहे, पण माझ्या धंद्याला मानवत नाही. दाजींना दे. ते हातोडी उचलत नाहीत, झोपही राजरोस काढतात, त्यांचं आणि त्याचं जमेल. मी आपला स्वस्तातल्या घड्याळावर समाधानी आहे.

एक मनगट मोकळं होण्याची वाट पाहणारा,
तुझा धाकटा

ता. क. घड्याळ परत केल्याचं हिला कळवू नकोस. विचारलंच तर पट्टा बदलायला मागवून घेतलं म्हण.

आणखी ता. क. पट्ट्याचं खोटं आहे, आणि खिळ्यांचं खरं असलं तरी कारण ते नाही. मंगळवारनंतर तुझं घड्याळ मला अधूनमधून सांगतं की छातीचे ठोके नीट पडत नाहीत, डॉक्टरांना दाखवा. हातोडी चालू असताना नाही, मी नुसता बसलेला असताना. संध्याकाळ व्हायच्या आत मी ते पुसून टाकतो. दुसऱ्या मनगटावर तेव्हा अभिनंदन चाललेलं असतं. कुणाचं ऐकायचं ते मला कळतं, मी काही दुधखुळा नाही. पण दुकान गेलं तर मी काय करू, हे मला सुचत नाही. आणि ताई, मला भीती वाटते.

शेवटचं. रविवारी ये. सहज आल्यासारखी ये आणि मला डॉक्टरांकडे घेऊन चल. परत आल्यावर जे असेल ते हिला तू सांग, मी शेजारी बसेन. पाकिटात घड्याळ शोधू नकोस. ते हातातून काढायचा धीर मला झाला नाही.