तळ्यातला मासा ताटात येईना

८ जुलै

विसरलास ना? विसरणारच! काल इतकं घसा फोडून सांगितलं आणि आज बघते तर कागदा, तू पुन्हा कोरा. मार्वाने तुझ्यावर गार चहाचा ग्लास ठेवला आणि सगळी आठवण वाहून गेली. माझा नवरा एझेल असाच होता — मीठ आणायला पाठवावं तर तंबाखू घेऊन यायचा.

तर पुन्हा ऐक. मी ओझेला. मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून लिहिते. खुब्याचं हाड बदललं तेव्हा नर्सबाईने बजावलं होतं, रोज कुठे दुखतं ते लिहून ठेवा. लिही गं मार्वा — खुबा ठीक आहे. दुखतंय ते तळ्यात.

घरामागचं तळं एझेलने खणलेलं. पाणी कमरेएवढं, आणि वर गवत, शेवाळ, कमळाची पानं इतकी दाट की बदक चालत पलीकडे जाईल. त्याखाली बास मासे. अलाबामाचं ऊन तापलं, की ते त्या सावलीत शिरून बसतात. सासुरवाडीला मुक्काम ठोकलेल्या जावयासारखे! हलत नाहीत. काढता यायला हवेत.

आणि ऑगस्टात आमच्या चर्चचा माहेरचा रविवार. जी जी माणसं उत्तरेकडे पांगलीत ती सगळी येतात, ओकच्या झाडांखाली लांब टेबल लागतं. टेबलावर प्रत्येक घराची जागा ठरलेली, पदार्थ ठरलेला. डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, एकेका घराचं नाव घेऊन आशीर्वाद मागतात आणि मग जेवण. माझी जागा टोकाची. पदार्थ — तळलेला बास, घरच्या तळ्यातला. लागोपाठ दोन वर्षं ताट आलं नाही, की जागा गेली.

गेल्या वर्षी मी दवाखान्यात पडून. आणि माझ्या जागेवर ताट कुणी मांडलं? आमच्याच चर्चमधल्या व्हर्डेलने! विकतच्या कॅटफिशचं! यंदा मी रिकाम्या हाताने गेले, तर ती जागा तिचीच.

मला काठावर उतरायची बंदी. म्हणजे मासा आणायचा माझ्या मुलाने, होझियाने. क्लीव्हलंडला जन्मभर बस चालवली, या वसंतात बायकोला घेऊन घरी परतला. आता काय काय आणतो ते बघ.

९ जुलै

पालेभाजी आणली. गळ टाकला की जुडी, गळ टाकला की जुडी!

१४ जुलै

लागला! ओसरीतून मी डोळ्यांनी पाहिला. पाण्यातून उसळला, होझियाने ओढत काठाला आणला, मी ओरडले — मार्वा, कढई ठेव! आणि त्या माणसाने काय करावं? माशाला तोंडासमोर धरलं, फोटो काढला, त्याचा मुका घेतला — मुका! आईचा कधी घेतला नाही इतक्या प्रेमाने — आणि दिला पाण्यात सोडून.

"अरे! अरे, कुठे गेला तो?"

"सोडला, आई. आता सगळे सोडतात. टीव्हीवर बघ. पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. खेळ आहे तो."

"खेळ? तो काय तुझ्या वर्गात होता?"

"अगं, मोठा होईल पुढच्या वर्षीपर्यंत."

"पुढच्या वर्षीपर्यंत मी मरेन!"

मार्वा लिहिता लिहिता हसतेय. हेही लिही, हसतेय म्हणून.

कढई उतरवली. रात्री अंडी खाल्ली.

२१ जुलै

चार दिवसांत बरेच पकडले आणि सगळे सोडले. फोनमध्ये फोटो दाखवत बसला होता. मी चष्मा लावून पाहिलं. डोकं डीकनसाहेबांएवढं आणि अंग उपाशी मांजराचं! सगळे तसेच.

मी म्हटलं, "हे बघ, तळं म्हणजे सलगमचा वाफा. विरळणी केली नाही तर एकही कंद धरत नाही. मी पडून राहिले तेव्हापासून कुणी एक मासा काढला नाही, म्हणून ही दुष्काळी माणसं झालीत."

म्हणतो, "बिचारे!"

बिचारे म्हणून सोडतोस म्हणूनच बिचारे आहेत ना!

आणि ती आयुधं त्याची! चाकाची काठी. आमिषाला इतके गळ, की नाताळचं झाड वाटावं. गवतात टाकलं की गवतच येणार, दुसरं काय येणार? माझी पद्धत सांगितली — लांब बांबू घे, त्याच्या टोकाला हातभरच दोरी, जाड. गवतात जिथे भोक दिसेल तिथे गळाला लावलेला बेडूक सोडायचा आणि पाण्यावर थोपटायचा, तान्ह्या बाळाला थोपटतात तसा. माशाने ओढलं की खेळवत बसायचं नाही. सरळ वर! भांडणातून पोर उचलावं तसा.

"आई, ते जुन्या काळातलं झालं."

"मासाही जुन्याच काळातला आहे. त्याने अजून टीव्ही घेतला नाही."

२२ जुलै

खुबा ठीक. मुलगा नाही.

३० जुलै

आज तर हद्द झाली. दुकानातून गवत मारायचं औषध घेऊन आला, मोठा कॅन. म्हणे तळं एकदा साफ केलं की गळ कुठेही टाकता येईल.

मी म्हटलं, "या उन्हात एवढं गवत एकदम मारशील, तर ते सडेल. सडलं की पाणी गुदमरेल. माझ्या चुलतभावाने हेच केलं होतं. सकाळी सगळं तळं पांढरं, पोटं वर करून! गिधाडांचा माहेरचा रविवार झाला."

"कॅनवर लिहिलंय तेवढंच टाकणार, आई."

"कॅनला काय तळं ठाऊक आहे?"

ऐकेना. मग मी खुर्ची सोडली, काठी टेकत गेले आणि कॅनवरच बसले. जेवणसुद्धा तिथेच मागवलं. मार्वाने ताट आणून दिलं आणि हळूच म्हणाली, "आई, तुमचा खुबा." मी म्हटलं, माझा खुबा या घरातला एकमेव शहाणा अवयव आहे. शेवटी संध्याकाळी होझिया हात जोडत आला आणि कॅन परत करायला घेऊन गेला.

नर्सबाईसाठी लिही — आज दुखलं. कॅन टणक होता.

५ ऑगस्ट

व्हर्डेल आली होती. जांभळी टोपी, हातात पीच. बसली, पंख्याने वारा घेत.

"काय गं ओझेला, कसा आहे खुबा?"

"तुझ्या गुडघ्यापेक्षा बरा."

"मासे मिळतायत ना?"

"ढिगाने." — हे काही खोटं नाही. मिळतायत. राहत नाहीत.

"नाही मिळाले तर सांग हो. मी आणीन कॅटफिश. ती जागा काही पळून जात नाही."

ऐकलंस कागदा? कशी गोड बोलते! साखरेत बुडवलेली सुई. मी हसून म्हटलं, "तू तुझं कोंबडीचं बघ बाई, गेल्या खेपेला मीठ कमी होतं." ती उठली, जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डोक्यावरून! मी काय मांजर आहे?

ती गेल्यावर मार्वा काहीतरी सांगायला आली, "आई, व्हर्डेलबाईंनी ना —" मी म्हटलं, त्या बाईचं नाव या घरात पुन्हा नको. पीच मात्र चांगले होते.

९ ऑगस्ट

आज होझियाला समोर बसवलं आणि सांगितलं. बाबा रे, मला मासा जिभेसाठी नकोय. एझेलने ते तळं खणलं तेव्हापासून त्या टेबलावर आमच्या घराचं नाव घेतलं जातंय. मी गेल्यावर ते नाव तू घ्यायला लावायचंस. तुझा तो फोन टेबलावर मांडू का, फोटो उघडून?

त्याने फोन खिशात घातला. मग म्हणाला, "आई, आधी का नाही बोललीस असं?"

महिनाभर काय मी गाणं म्हणत होते?

बांबू काढला त्याने. मी दोरी बांधून दिली. म्हटलं, पहाटे जा. दुपारी मासा झोपतो.

१० ऑगस्ट

पहाटे गेला. बेडूक परत आला. जिवंत.

१२ ऑगस्ट

मी चुकले. लिही मार्वा, मोठ्या अक्षरात लिही म्हणजे तुझा आत्मा शांत होईल.

पहाटे पुन्हा काही नाही. मी म्हटलं घरी ये. तो आलाच नाही. ऐन दुपारी, कुत्रंसुद्धा घराखालच्या सावलीतून बाहेर येत नव्हतं, तेव्हा हा गुडघाभर चिखलात उभा! जिथे गवताचा सगळ्यात जाड गोधडा, तिथेच काठीने भोक पाडून बेडूक सोडत होता. मी ओसरीतून ओरडतेय, "अरे मूर्खा, ऊन लागून पडशील! आता कोण मासा —"

आणि पाणी फुटलं.

त्याने खेळवलं नाही. सरळ वर उचलला, गवताची टोपी घातलेला मासा. थोड्या वेळाने आणखी एक. संध्याकाळपर्यंत घमेलं भरलं. दाट गोधड्याखाली दुपारीच गारवा असतो! बोलला नाही तो तसं, पण चेहऱ्यावर होतं. टीव्हीवाल्यांसारखा चेहरा!

मग घमेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. पहिला मासा अजून तोंड उघडत होता.

"आई, हे मला नाही जमणार. तूच कर."

साठीचा घोडा! मी सुरी घेतली. तो पाठ करून उभा होता, पण गेला नाही. तिथेच थांबला.

१४ ऑगस्ट

मासे साफ करून बर्फात ठेवलेत. मक्याचं पीठ, मिरपूड काढून झाली. कढई माझ्या सासूबाईंची, ती कुणी घासायची नाही, मुरलेलं तेल जाईल, सांगून ठेवलंय.

बातमी आली — व्हर्डेल पायरीवरून घसरली, घोटा सुजलाय, रविवारी येणार नाही. घोटा कसला! माझं ताट बघवणार नाही तिला.

१६ ऑगस्ट

ताट चाटूनपुसून रिकामं झालं. जेवताना डीकन ऑरेलियस म्हणाले, "गेल्या वर्षीचं तुमचं ताटही छान होतं हो." मी म्हटलं, माझं? मी तर दवाखान्यात होते! "व्हर्डेलबाईंनी आणलं ना, तुमच्या नावाने. आशीर्वादात नावही तुमचंच घ्यायला लावलं मला. म्हणाल्या, ओझेलाची जागा रिकामी दिसायला नको."

मार्वाला विचारलं. तिला ठाऊक होतं. म्हणे, "कितीदा सांगायला आले, आई. तुम्ही बोलू दिलंत का?"

हे खोडून टाक. नको, राहू दे.

होझिया, उद्या दुपारी तळ्यावर जायचं. दोन मासे हवेत, चांगले भरलेले. मक्याच्या पिठात घोळवायचे, मैद्यात नाही. खाली पावाचा काप घाल, तेल शोषून घेईल. सोबत कच्चा कांदा आणि हिरव्या टोमॅटोचं लोणचं. गोड काही नको, तिला साखरेचा त्रास आहे. आणि झाकून न्या, व्हर्डेलला गरम मिळालं पाहिजे.