उल्हासच्या पुलावर थांबलेली गाडी

शनिवार, संध्याकाळ

आमच्या कॉलेजातल्या बास्केटबॉल स्पर्धेला लातूरहून आलेल्या मुली माझ्या जबाबदारीवर आहेत. आज दुपारी त्या हरल्या. कप्तान मयुरी गाडीत रडत होती, म्हणून म्हटलं, चला, नेरळला माथेरानची छोटी गाडी दाखवते. पण कर्जतला उल्हास नदीच्या पुलावर तिनंच गाडी थांबवायला लावली.

"काकू, भर उन्हाळ्यात एवढं पाणी?"

"बारमाही हाय," ड्रायव्हर रफिकभाई म्हणाले. "वरच्या वीजघरातून सोडतात."

"आणि जातंय कुठं?"

चाळीस वर्षं या पुलावरून जातेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. का नाही पडला?

मुली खाली उतरून पाण्यात पाय सोडून बसल्या. बाहेरचे लोक इथं येतात ते डोंगर आणि फार्महाऊस बघायला. नदीसाठी कोण थांबतं? एवढं पाणी या मुलींना नेमकं कसं दिसत असेल?

"छोटी गाडी उद्या बघू," मी म्हटलं.

"उद्या पण इथंच येऊ की, काकू," मयुरी म्हणाली. तिचं रडणं थांबलं होतं.

मग मीही चपला काढल्या आणि तिच्याशेजारी बसले. पाणी इतकं गार असेल असं वाटलं नव्हतं.