मामीला दिलेलं औषध

छत्रपती संभाजीनगर,
१२ नोव्हेंबर २०२५

गोकुळदादा,

नमस्कार. बाजरी मिळाली. वहिनीचे गुडघे कसे आहेत? मी बरी आहे, म्हणजे उभी आहे. आयसीयूतला आमचा नव्या औषधाच्या चाचणीचा अभ्यास चार वर्षांनी संपला. फायलींचे गठ्ठे बांधून पाठीचा पार भुगा झालाय. हे फोनवर बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून पत्र.

परवा तू म्हणालास, "सोमनाथच्या बापाला घिऊन येतो. आईला दिलं तेच औषध त्यालाबी दे." मी "बघू" म्हणून फोन ठेवला.

दादा, ते औषध आता मिळायचं नाही. रक्तात जंतू पसरलेल्या साडेतीनशे पेशंटांत तपासून पाहिलं, काडीचा फरक पडला नाही. एवढं सांगून थांबता आलं असतं.

मामीला ॲडमिट केलं तो दिवस आठव. बावीस पानी संमतीपत्र नातेवाइकाला वाचून दाखवायचं, मग त्याच्याच शब्दांत त्याच्याकडून वदवून घ्यायचं, हे माझं काम. परक्यांना मी तासभर वाचून दाखवते. नव्या पोरींना शिकवतेसुद्धा. तू वाळूजच्या कारखान्यातली ड्यूटी अर्धी टाकून आला होतास. म्हणालास, "तनू, तू हायेस ना? मंग वाचायचं काय त्यात! सही कुठं करू तेवढं दाव." मी बोट ठेवलं. 'समजले' या चौकटीत खूणही मीच केली, आणि तुझ्या सहीखाली 'वाचून दाखवले' म्हणून माझी सही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

चौथ्या पानावर लिहिलंय: नेहमीचे उपचार सगळ्यांना, पण नवं औषध निम्म्यांनाच, उरलेल्यांना त्याच्या जागी नुसतं सलाइन. कुणाला काय मिळालं, ते डॉक्टरांनाही कळत नाही. गेल्या आठवड्यात यादी उघडली. मामीच्या नंबरापुढे सलाइन होतं.

मामी पाचव्या दिवशी गेली. तिच्या उपचारांत कसर राहिली नाही, हे खरं. पण तीन वर्षं तू गावभर सांगतोयस, "तनूनं आईला बाहेरच्या देशाचं औषध दिलं," आणि मी ऐकून घेतेय. गोड लागत होतं ते. लाज वाटते, दादा.

सोमनाथच्या वडिलांना लगेच आण, उशीर नको; तसा मेसेजही आज टाकलाय. फक्त माझ्या भरवशावर आणू नकोस.

तुझ्याकडच्या मामीच्या फायलीत त्या संमतीपत्राची प्रत आहे. आता वाच. शेवटच्या पानावर तक्रारीचा नंबर आहे. लावलास, तर मी खरं तेच सांगेन. नाही लावलास, तरी पुढची बाजरी तो कागद वाचून झाल्यावरच पाठव.

तुझ्या सहीखाली जिची सही आहे ती,
तनुजा