झाडूची टोपी

३ मार्च, सोमवार. दुकान बंद.
आजपासून रोज लिहायचं. फक्त स्वतःसाठी. बायकोला माझं अक्षर लागत नाही, तेव्हा काळजी नाही.
झाडू येऊन गेला. उस्तादांकडे आम्ही एकत्र शिकलो. मी कात्री चालवायचो, तो खालचे केस झाडायचा, म्हणून हे नाव. आज त्याची चार सलून आहेत. माझं एक, दोन खुर्च्यांचं. त्यातली एक वर होत नाही. पण आमच्या धंद्यात स्वतःचे केस स्वतःला कापता येत नाहीत. म्हणून महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही एकमेकांचे कापतो, अगदी तरुणपणापासून. हाताखाली एवढी पगारी माणसं असून तो डोकं माझ्याच हातात देतो. यातच काय ते आलं.
कापून झाले की लगेच टोपी चढवतो. त्याच्या माणसांनी माझी स्टाइल चोरू नये म्हणून असणार.

४ मार्च
बातमी! झाडू पाचवं सलून काढतोय. तिथे केस कापायला शिकवायचे वर्गही असणार म्हणे. म्हणजे मुख्य शिक्षक लागणार. माझ्याशिवाय आहे कोण? संकोचाने विचारत नसेल.
संकल्प: पोट कमी करणे. पांढरा शर्ट शिवणे. त्याने विचारलं की लगेच हो न म्हणणे.
बायको म्हणाली, आधी डोळे तपासून घ्या. विषय काय, ही बोलते काय! हल्ली कंपन्याच कंगव्याचे दात बारीक करतात.

१८ मार्च
मेहुण्याचे केस कापले. फुकट. तोही टोपी घालून गेला, ऊन लागतं म्हणाला. बाहेर ढग होते. नाजूक माणूस.
गिऱ्हाईक कमी झालंय. लोक घरं बदलतात, त्याला मी काय करणार?
पोट: उद्यापासून.

७ एप्रिल, सोमवार
टॉवेल धुतले, पांढरा शर्ट घालून बसलो. झाडू आला नाही. फोनही उचलला नाही. आजारी असेल बिचारा.

१२ एप्रिल
नव्या सलूनचा बोर्ड लागला. त्यावर झाडूचा दाराएवढा फोटो. केस ताजे कापलेले, आणि माझ्या हातचे नाहीत! रस्त्यापलीकडून ओळखलं. लांबचं मला स्वच्छ दिसतं. दोन्ही कानांवर अगदी सारखे. जीवच नाही त्यात.
एवढ्या वर्षांची दोस्ती, आणि पाठीत सुरा. रडलो. बायकोला सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

५ मे, सोमवार
त्याने मला सोडलं, मीही त्याला सोडलं. दोन आरसे लावून स्वतःचे केस स्वतः कापले. आरसे खराब निघाले.
मेहुण्याकडून टोपी आणली.

६ मे
जाब विचारायला नव्या सलूनमध्ये गेलो. मुख्य शिक्षक म्हणून त्याच्याच जुन्या सलूनमधली एक तरुण बाई नेमलेली. झाडूने मला खुर्चीत बसवलं, टोपी काढली, स्वतः कात्री घेतली. मी तोंड सोडलं. गद्दार म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो. तो कापत राहिला.
शेवटी हळूच म्हणाला, गेली काही वर्षं डाव्या कानावरचे तुझ्याकडून जास्तच कापले जातात. म्हणून टोपी. तुझ्याकडून निघालो की सरळ त्या बाईकडे जाऊन सारखे करून घ्यायचो. यावेळी बोर्डासाठी फोटो काढायचा होता, धीर झाला नाही.
काही वर्षं! मग बोलला का नाहीस, म्हणून ओरडलो. तर म्हणाला, बोललो असतो तर आपला सोमवार गेला असता.
मी उठून खिशात हात घातला. पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत.
घरी बायकोला विचारलं. तिला माहीत होतं. मेहुण्यालाही. सगळे एकमेकांना सामील. मी एकटाच कात्री चालवत होतो.

९ मे
चष्मा आला. कंगव्याचे दात पूर्वीएवढेच आहेत.
चष्मा लावून दुकानात बसलो. दिवसभरात एकच गिऱ्हाईक आलं, जुनं, नेहमीचं. आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. येतानाच हातात टोपी घेऊन आलं होतं.