काळ्या कोटावरचं तूस

सोम. ५ जाने.
प्राची कोट घेऊन परत आली. शनिवारी माझ्या लॉन्ड्रीतून धुऊन नेलेला. खांदे, बाह्या, कॉलर, सगळीकडे पांढरं तूस, आणि कॉलरच्या आत एक केस. आज ती कोर्टात पहिल्यांदा एकटी उभी राहिली, नुसती पुढची तारीख मागायला का होईना. बाहेर आल्यावर तिचे सिनियर सगळ्यांसमोर म्हणाले, "कोट घालून कापूस वेचायले गेलती का?" सगळे हसले. अल्लीपूर गावच्या त्यांच्या घरातली पहिलीच वकील पोरगी, आणि कोट एकच. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "काकू, मी तर बाररूममध्ये सगळ्यांले तुमचं नाव सांगून ठेवलं न," एवढंच बोलली.
बाररूममधल्या वकिलांचे कोट आले तर लॉन्ड्री उभी राहील. नाहीतर लॉजच्या चादरी आहेतच जन्मभर.
तिची पुढची तारीख १९ ला. तोवर मैत्रिणीचा कोट घालते म्हणाली. मी सांगून बसले, "१८ ला, रविवारी ने. एक तूस दिसलं तर दुकानाची पाटी काढीन." जीभ माझी. आता निस्तर.

मंगळ. ६ जाने.
पहिला संशय टॉवेलवर. लॉजचे टॉवेल आणि काळे कपडे एकाच मशीनमध्ये, हा माझाच आळस. बंद. मशीनची जाळी काढून पाहिली तर उंदराएवढा गोळा निघाला. स्वतःलाच चार शिव्या घातल्या.
कोट टेरिकॉटचा, पाण्याला घाबरत नाही. उलटा केला, झटकला, खिशातलं बसचं तिकीट काढलं, जाळीच्या पिशवीत घालून एकटाच धुतला. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. दुकानभर चायनीजच्या गाडीचा वास. मशीनमधून निघाला तो कोळशासारखा काळा.
वाळला, इस्त्री केली, संध्याकाळी पाहते तर पुन्हा तूस.
आ.बा. वाती बाजूला ठेवून माझ्यासोबत वेचायला बसल्या. (सासूबाई मला आत्याबाईच. वहीत आ.बा.) "काऊन जिवाले लावून घेतं व? दोघी मिळून वेचू, होते."

गुरु. ८ जाने.
दुसरा संशय वाऱ्यावर. गच्चीवरच्या दोऱ्या काढल्या, मागच्या खोलीत बांधल्या. शेजारच्या कुत्र्याला दारातून हाकललं. उगाच, बिचारं कधी आत येत नाही. कोट पुन्हा धुतला, ओला रबरी हातमोजा घालून वरून हात फिरवला, केस-बिस त्याने गोळा होतात. दुपारपर्यंत स्वच्छ. चारला पुन्हा तेच.
हे म्हणतात, "सोड न. काळ्या कपड्याचं असंच राहते."
सोडणार नाही. मी कपडे धुते. डाग, वास, तूस, हेच माझं काम. हेच जमत नसेल तर मग...

शनि. १० जाने.
काळ्या अस्तराचे दोन तुकडे कापले. ओले करून एक मागच्या खोलीत टांगला, एक इस्त्रीच्या टेबलावर पसरला. दुपारी मागचा होता तसा. टेबलावरचा पांढरा.
म्हणजे धुण्यात काहीच चूक नव्हती. पाच दिवस मशीनला बोल लावत होते.
वर पाहिलं. टेबलाच्या कडेला आ.बा. त्यांच्या स्टुलावर, मांडीत कापूस, वळायला बोटांना राख. वात वळून झाली की हात पुढे करून कोटावरचं तूस टिपायचं, मायेने, एकेक. मग पुन्हा वात. जेवढं वेचत होत्या तेवढंच लावत होत्या. आणि न्हाऊन मोकळे सोडलेले केस. कॉलरमधला केस पांढरा होता, हे मी पाहूनही पाहिलं नव्हतं.
सांगायचं उद्यावर ढकललं. चहा केला.

रवि. ११ जाने.
बोलले. नीट बोलता आलं नाही. "आत्याबाई, वाती उद्यापासून वर घरात वळा. कापूस कपड्यावर जातो."
त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे मीच होती का?"
पिशवी उचलली. जिन्यात थांबल्या. "मशीन आली त्या दिवशी महादेवाले बोलली होती. सुनेची लॉन्ड्री चालू दे, शिवरात्रीले लाख वाती वाहतो. तुह्यासाठीच वळून राह्यली होती व."
मला वाटत होतं, मामाजी (सासरे) गेले, वेळ जात नाही, म्हणून वळतात. दीड वर्षं शेजारी बसून मी एकदाही विचारलं नाही. खूप लाज वाटली. पण शब्द मागे घेतला नाही. घेता येत नव्हता.

बुध. १४ जाने. संक्रांत
पुन्हा धुतलेला कोट तीन दिवस टेबलावर आहे. एक तूस नाही. जिंकले म्हणायचं.
दुकान मुकं झालंय. आ.बा. खाली उतरत नाहीत. तिळगूळ दिला, घेतला, "गोड बोल" म्हणाल्या आणि आत गेल्या. माळ्यावर कापसाची पिशवी गाठ मारून ठेवलेली दिसली. विचारलं तर, "राहू दे. देवाले समजते." अजून चौदा हजार बाकी आहेत. वातींच्या किती जुड्या झाल्या ते त्यांना पाठ असतं.
स्टूल तिथेच आहे. त्याच्यावर मी धुण्याची बादली ठेवली होती, काढली.

शुक्र. १६ जाने.
दुपारी शटर अर्धं ओढलं, वर गेले, माळ्यावरून पिशवी काढली आणि त्यांच्यासमोर बसून वाती वळायला लागले. पहिल्या दहा त्यांनी बघून घेतल्या. मग राहवलं नाही.
"ह्या वाती हाय का अळ्या?"
माझ्या हातातून घेतल्या, मोडून पुन्हा वळल्या. मला हसू आणि रडू एकदमच आलं. "तुमच्याशिवाय दुकानात करमत नाही," सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मले का करमते?"
ठरलं असं. कापूस वरच, वाती वळतानाचा गाऊन वरच. खाली येताना साबणाने हात, डोक्याला घट्ट रुमाल. मलाही तोच नियम. खाली त्यांचं काम वेगळं: खिसे तपासायचे, कपडे उलटे करायचे, आणि दुकानातून जाणारा प्रत्येक कपडा ट्यूबखाली पाहायचा. आज पहिल्याच तासात लॉजच्या शर्टाच्या खिशातून कागदी रुमाल काढला. तो मशीनमध्ये गेला असता तर आठवडाभर वेचत बसले असते.

रवि. १८ जाने.
प्राची आली. कोट घातला, ट्यूबखाली गोल फिरली. मी मागेमागे.
"थांब पोरी," आ.बा. म्हणाल्या. खांद्यावरून एक केस चिमटीत उचलला. त्यांनी तो उजेडात धरला. काळा, कुरळा.
"हा तुहाच हाय. यायच्या आधी वेणी घालत जाजो."
प्राची मोठ्याने हसली. बाररूमचं मी विचारलं नाही. जाताना तीच म्हणाली, "उद्या सगळे पाहतीलच न, काकू." तिच्या गाडीवर मागे धूळ किती, कोट पिशवीत नेला का, हे विचारायचं राहिलं. आता बसा विचार करत.
शिवरात्रीला अठ्ठावीस दिवस. वाती अजून तेरा हजारांवर.
जेवताना आ.बा.नी विचारलं, "कोरट किती वाजता भरते व?"
"अकराला."
"मंग अकरापर्यंत मी वर बसतो. दोनशे तरी होतात."
मी पण बसणार आहे. दुकान उद्या उशिरा उघडेन. पाटी अजून जागेवर आहे.