ताटातलं पाणी

गुहागर, मंगळवार

ती. अप्पांस तनूचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाय, म्हणून कागदावर लिहून तुमच्या शेजारच्या तौफिकच्या मोबाईलवर फोटो धाडतेय. चष्मा लावून वाचा.

तुमच्या हवालदाराची काळजी करू नका. बिडकीनपासून गाडीच्या खिडकीतून तोंड काढून बसला होता. समुद्रावर आधी भुंकला, मग लाट आली तसा माझ्या मागं लपला. कुत्रं सोबत आलं म्हणून पोरं लई खूश हायेत.

फक्त आल्यापासून तो जेवत नव्हता. भाकरी दिली, दूध दिलं, ह्यांनी अंडी उकडून आणली. तो नुसता आमच्या तोंडाकडं बघायचा. मला तर रडूच आलं.

काल ध्यानात आलं. तुम्ही जेवून ताटातच हात धुता, ते पाणी वाजलं की मगच तो खातो. इथं आम्ही सगळे बेसिनवर जातो. मग दुपारी मीही ताटातच हात धुतला. सासूबाई बघतच राहिल्या, पण पठ्ठ्यानं भाकरी संपवली!

तुमचं कसं चाललंय? गोळ्या घेता ना? तौफिक सांगत होता, त्याच्या आईनं दिलेला डबा तुम्ही तसाच परत धाडता. आई गेल्यापासून तुमच्यासोबत जेवायला हवालदारच एक होता, अप्पा, आणि आम्ही त्यालाच घेऊन आलो.

त्याला मी पाणी वाजवून फसवलं. तुम्हाला कसं फसवू?

उद्या सकाळीच त्याला घेऊन तुमच्याकडं निघतोय.

तुमची,
तनू